तू बसवलेला कॅमशाफ्ट

भाऊ,

तुझ्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमारास, तुझ्याच गॅरेजमध्ये मी माझ्या मोटारसायकलचं इंजिन उघडलं. तुला विचारायचं राहून गेलं होतं म्हणून नाही. विचारलं तर मी तुला दहादा होतं, आणि दहाही वेळा तू एकच उत्तर दिलं होतंस. त्या उत्तरावर माझा विश्वास बसला नव्हता, म्हणून उघडलं.

पाहुणे अजून पुरते गेले नव्हते. बहीण हातात पाना घेऊन बसली हे त्यांना विचित्र वाटलं असणार. तुला वाटलं नसतं. तू मला लहानपणापासून पोलीसपाटील म्हणायचास. दुकानातून आणलेली साखर मी घरी येऊन पुन्हा तोलायची, आईनं दोघांना दिलेले लाडू शेजारी शेजारी ठेवून बघायची. पुढे भौतिकशास्त्र घेतलं तेही बहुतेक याच स्वभावामुळे. तिथे कुणाच्या शब्दावर विसंबून राहावं लागत नाही, मोजून बघता येतं. तू दहावीनंतर धुळ्याला एका गॅरेजात कामाला लागलास, नंतर पारोळा रस्त्याला स्वतःचं टाकलंस. मी जळगावला शिकले आणि तिथेच ज्युनियर कॉलेजात शिकवायला लागले. तू इंजिनाला कान लावून सांगायचास, मी आकडा मागायची. धरणगावजवळच्या आपल्या गावी आपण दोघं गेलो की आई म्हणायची, आलं का तुमचं कोर्ट.

तर या कोर्टातला शेवटचा खटला कॅमशाफ्टचा.

तू गेल्यावर भेटायला येणाऱ्या बायका मला विचारत होत्या, कशावरून बोलणं बंद होतं गं तुमचं? मी सांगायची, कॅमशाफ्टवरून. मग तो काय असतो हे सांगावं लागायचं. तुझ्या फोटोसमोर सतरंजीवर बसून मी किती जणींना ते समजावलं! इंजिनाच्या डोक्यात एक दांडा फिरतो, त्यावर अंड्यासारखे उंचवटे असतात, ते उंचवटे व्हॉल्व्ह उघडतात. व्हॉल्व्ह किती उघडायचा आणि किती वेळ उघडा ठेवायचा, हे उंचवट्याच्या आकारावर ठरतं. दांडा बदलला की त्याच इंजिनाचा स्वभाव बदलतो. बायका मान डोलवायच्या आणि मग म्हणायच्या, एवढ्यावरून?

एवढ्यावरून.

श्रीकांत, माझा नवरा, गेला त्याच्या दुसऱ्या वर्षी मी ती गाडी घेतली. सहाशे पन्नास सीसी, दोन सिलिंडर, लांबच्या प्रवासाची. पंचेचाळिशीतली बाई, डोक्यावर हेल्मेट, दोन्ही बाजूंना सामानाच्या पेट्या. सासरच्यांनी नाकं मुरडली, कॉलेजात टोमणे मारले गेले. तू एकटा शोरूममध्ये आलास, चालू इंजिनावर तळहात ठेवून उभा राहिलास आणि म्हणालास, "लई ले." घेऊन टाक. नंतरचे चार रविवार तू धुळ्याहून जळगावला आलास आणि मला मैदानात आठचे आकडे काढायला लावलेस. माझा पाय चुकला की तू ओरडायचास, आणि मी पडले की मात्र गप्प बसायचास. त्या गप्प बसण्याचे मी तुझे उपकार मानायला हवे होते. मानले नाहीत, आता मानते.

मग मी हिंडायला लागले. आधी मुक्ताईनगर, मग नर्मदाकाठ, मग कच्छ. कॅमशाफ्टचा विचार आला तो कन्नड घाटात. सामानानं भरलेली गाडी, पुढे संथ चढणारा ट्रक, ओलांडायला ॲक्सिलरेटरची मूठ पिळली तर गाडी नुसती आवाज करायची. घरी येऊन मी वाचायला बसले. आपल्या गाडीसाठी दोन तऱ्हेचे कॅम मिळत होते. एक मधला, त्यानं खालच्या वेगात, दोन-तीन हजार फेऱ्यांवर ओढ वाढते. दुसरा मोठा, तो पाच हजारांच्या पुढे खुलतो, आणि मग असा खुलतो की मागे बघायला नको. मी मोठा निवडला. आलेख छापून घेतले आणि तुझ्याकडे आले.

दुपारची वेळ होती. वहिनी भरताची वांगी भाजत होत्या आणि तू ओट्याशी उभा राहून ते कागद बघत होतास. बराच वेळ बघितलेस. मला वाटलं, कळत नाही म्हणून वेळ काढतोस. मग तू आलेखाच्या डाव्या बाजूवर अंगठा ठेवलास. काळ्या तेलाचा ठसा उमटला.

"तू आठे ऱ्हास," तू म्हणालास. तू इथे राहतेस. मग उजव्या टोकाकडे बोट नेलंस. "तठे तू कव्हय जास? सामान लिसन घाट चढनारी गाडी शे तुनी. मधला घे."

"ओलांडताना जाते तिथे. वर जास्त ताकद आहे. हे बघ, आकडा आहे."

"बठ्ठं तुना कागदमा ऱ्हास का?"

"कागदात नसतं ते तू कशावरून सांगतोस? कानावरून?"

वहिनी म्हणाल्या, "आधी जेवून घ्या." जेवलो. भरीत झणझणीत झालं होतं, तू तीनदा वाढून घेतलंस आणि कॅमबद्दल एक शब्द बोलला नाहीस. तेव्हाच मला पहिला संशय आला. तू वाद सोडून देणाऱ्यातला नव्हतास. तू गप्प बसलास म्हणजे तुझं काहीतरी ठरलं होतं.

महिन्याभरानं मोठा कॅम आला, त्याच्यासोबतच्या कडक स्प्रिंगा आणि कॅमच्या मापांचं छापील कार्डही आलं. ते खोकं आणि गाडी घेऊन मी धुळ्याला आले. तू खोकं उघडलंस, कॅम उजेडात धरून फिरवलास आणि मला न बघता विचारलंस, "इतला पिकअप तुले कसाले जोयजे?"

"सांगितलं ना, ओलांडायला."

"खरं सांग, बेबी. तुले परत येवानं शे ना?"

तुला परत यायचं आहे ना. मला वाटलं, बाईला एवढी ताकद झेपणार नाही असं तुला म्हणायचं आहे. माझ्या डोक्यात सणक गेली. "माझ्या जागी पुरुष गिऱ्हाईक असतं तर हे विचारलं असतंस का?" असं म्हणाले आणि किल्ली टेबलावर आपटून एसटी स्टँडवर निघून गेले. तुझ्या प्रश्नाचं उत्तर दिलं नाही. भाऊ, तो प्रश्न काय होता हे मला त्या दिवशी कळलंच नाही, असं मी कालपर्यंत स्वतःला सांगत होते.

नंतर फोनवर तू म्हणालास नऊ दिवस लागतील, मध्ये येऊ नको. हे ऐकूनच मी सहाव्या दिवशी आले. शटर अर्धं ओढलेलं होतं. तू वाकून बाहेर आलास, हात पुसत दारातच उभा राहिलास. तुझ्या खांद्यावरून मला टेबल दिसलं. त्यावर एक कॅम फडक्यावर ठेवलेला, शेजारी दुसरा, तेलकट कागदात गुंडाळलेला. दोन कॅम! जुना काढलेला एक, हे मान्य. मग दुसरा कुठला? मी आणलेला इंजिनात असायला हवा होता. नसेल तर बाहेर एकच जुना आणि एकच माझा, मग माझा कागदात गुंडाळून का ठेवला? मी मान लांबवली तर तू सरकून मध्ये आलास.

"हेड उघाडं शे, धूळ जाई. घर जाय, चहा ले."

हेड, म्हणजे इंजिनाचं डोकं, उघडं आहे, धूळ जाईल. कारण अगदी पटण्यासारखं होतं. म्हणूनच मला ते पटलं नाही.

दहाव्या दिवशी गाडी मिळाली. हेड कव्हरच्या प्रत्येक बोल्टवर तू पिवळ्या रंगाचा ठिपका दिला होतास. मी विचारलं, हे काय? म्हणालास, कुणी उघडलं तर कळतं. कुणी म्हणजे कोण हे दोघांनाही माहीत होतं. म्हणजे तुझाही माझ्यावर विश्वास नव्हता.

पारोळ्यापर्यंत मी गाडीचा आवाज ऐकत गेले. एरंडोलपर्यंत माझी खात्री झाली. मोठ्या कॅमचं इंजिन उभ्या जागी अडखळत, धडधडत चालतं, असं मी वाचलं होतं. माझं जवळजवळ शांत चालत होतं. खालच्या वेगात अशी ओढ आली होती की चौथ्या गिअरमध्येच ट्रक मागे पडत होते. आणि पाच हजारांच्या वर जे उधाण यायला हवं होतं ते थोडंफारच आलं. ही सगळी लक्षणं मधल्या कॅमची होती. तू माझा कॅम ठेवून घेऊन तुझ्या मनातला बसवला होतास.

मी फोन केला. "कुठला बसवलास?"

"तू लयनी तोच बसाडेल शे." तू आणलेलाच बसवला आहे.

"शपथ?"

"शपथ."

"मग उघडून दाखव."

"आते उघाडानं नही."

असे आपले दहा फोन झाले. जळगावच्या दुसऱ्या एका मेकॅनिकला मी आवाज ऐकवला. तो म्हणाला, "मॅडम, मोठा कॅम असा बोलत नाही. उघडू का?" मी हो म्हणणार होते, पण त्या पिवळ्या ठिपक्यांकडे बघून नको म्हणाले. तुझी भीती वाटली म्हणून की तू खोटा ठरशील ही भीती वाटली म्हणून, मला सांगता येणार नाही.

मग रावेरचा तो केळीचा व्यापारी भेटला. पालच्या रस्त्याला चहाच्या टपरीवर त्याची गाडी उभी होती, अगदी माझ्यासारखीच, आणि ती उभ्या जागी धडधडत होती. मी विचारलं, कॅम बदललाय का? तो खुशीत म्हणाला, "मोठा टाकला ना. धुळ्याच्या भाऊंनी करून दिलं. उडते गाडी." कधी केलं विचारलं तर त्यानं सांगितलेला महिना माझ्या गाडीच्या कामानंतरचा लगेचचाच निघाला. मला आणखी पुरावा नको होता. माझा कॅम त्याच्या गाडीत फिरत होता.

मी तिथून सरळ तुझ्याकडे आले. तू एका स्कूटरचं चाक उतरवत होतास. गिऱ्हाईक बसलं होतं त्याचीही मी पर्वा केली नाही. "तू माझी वस्तू चोरलीस आणि रावेरवाल्याला दिलीस," म्हणाले. चोरलीस हा शब्द मी वापरला. ते गिऱ्हाईक उठून बाहेर गेलं. तू काहीतरी बोलायला तोंड उघडलंस आणि मध्येच स्टुलावर बसलास. छातीवर हात ठेवून बसलास, मान खाली घातलीस. मला वाटलं, पकडला गेलास म्हणून नाटक करतोस. थोड्या वेळानं म्हणालास, "तुले वाटस ते वाटू दे." मी निघाले.

साखर तोलणारी, लाडू मोजणारी मी. ज्याचा संशय घ्यायला हवा होता त्या गोष्टीकडे माझं लक्षच गेलं नाही. तुला कितीतरी दिवस छातीत दुखत होतं आणि तू वहिनींनाही सांगितलं नव्हतंस, हे नंतर ड्रॉवरमध्ये गोळ्यांची अर्धी पट्टी सापडली तेव्हा कळलं. चार महिने आपण बोललो नाही. मी दोनदा फोन हातात घेऊन ठेवून दिला. तू किती वेळा ठेवलास कोण जाणे.

ज्या दुपारी वहिनींचा फोन आला त्या दुपारी मी त्याच गाडीवर धुळ्याला निघाले. कुणीतरी म्हणालं, गाडीवर जाऊ नका, जीप करून देतो. मी ऐकलं नाही. एरंडोलच्या पुढे ट्रकांची रांग होती आणि गाडी चौथ्या गिअरमध्ये एकेका ट्रकाला मागे टाकत ओढत होती, आणि भाऊ, मला सांगायची लाज वाटते, पण तू गेलास हे कळून तास झाला नव्हता आणि माझ्या डोक्यात चाललं होतं: हा मधलाच आहे. मधलाच आहे. रडू आलं ते पारोळ्याला, कडेला थांबून इंजिन बंद केल्यावर.

तेराव्याला सगळे जेवून पांगल्यावर वहिनींनी मला एक पत्र्याची पेटी आणून दिली. म्हणाल्या, "बेबीताई, हे तुमचंच असेल. तुमच्या गाडीचं काम चाललं होतं तेव्हाचं आहे."

पेटीत माझ्या गाडीचा मूळचा कॅम होता. त्याच्याखाली तेलकट कागदात गुंडाळलेला दुसरा. कागद सोडला. तो मधला निघाला. कोरा. त्याच्या उंचवट्यांवर एकदाही काही घासलेलं नव्हतं.

"हा त्यांनी स्वतःच मागवला होता," वहिनी म्हणाल्या. "तीन दिवस टेबलावर ठेवून त्याच्याकडे बघत बसायचे. मी म्हटलं, बसवा ना मग. तर म्हणाले, तिनं आणला तो तिच्यासमोर ठेवून घेतलाय, दुसरा कसा बसवू?"

म्हणजे माझा संशय खरा होता. तुझ्या मनात होतंच. आणि तू केलं नाहीस.

पेटीच्या तळाशी एक गोल पुठ्ठा होता, ऑइलच्या खोक्याचा कापलेला. त्यावर तू पेन्सिलीनं तीनशे साठ रेघा मारल्या होत्यास. दर दहा रेघांना तुझ्या अक्षरात मराठी आकडा. एका जागी बाण काढून लिहिलं होतं, कार्ड. त्याच्या सहा रेघा अलीकडे दुसरा बाण. तिथे लिहिलं होतं, बेबी.

मी तो पुठ्ठा उजेडात धरला. मग मला एक फोन आठवला. गाडी तुझ्याकडे होती तेव्हाच तू कॉलेजात, मधल्या सुट्टीत फोन केला होतास. विचारलंस, क्रँकच्या, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या, दोन फेऱ्या झाल्या की कॅमची एकच, मग कॅम तीन अंश सरकवला तर क्रँकवर किती मोजायचे? मी म्हटलं, सहा. कशाला हवंय? तू म्हणालास, असंच. मी मनात म्हटलं, हा काहीतरी लपवतोय. लपवतच होतास. पण मी त्या असंचमध्ये चोरी ऐकली, आणि तू तर दहावीतल्या मुलासारखा बहिणीला गणित विचारत होतास.

तरीही मी मोजायचं ठरवलं. पुठ्ठ्यावर लिहिलेलं काही इंजिनात असेलच असं नाही. हसू नकोस.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि वहिनी गॅरेजमध्ये गेलो. पिवळे ठिपके फोडून बोल्ट सोडले. वहिनी वहीपेन घेऊन शेजारी बसल्या. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, पण या टेबलाला मी कधी हात लावला नव्हता, असं म्हणाल्या आणि पदर खोचला. व्हॉल्व्ह किती उघडतो ते मोजायला तुझा डायल गेज त्यावर टेकवून मी इंजिन हातानं फिरवलं. काटा चढत गेला आणि थांबला. मी आकडा बोलले, वहिनींनी लिहिला. पुन्हा फिरवलं, पुन्हा तोच. कार्डाशी ताडून बघितला.

मोठा कॅम होता. मी आणलेला. दहाही वेळा तू खरं बोलला होतास.

मग तुझा पुठ्ठा क्रँकला अडकवला आणि बघितलं. व्हॉल्व्ह पूर्ण उघडायची वेळ कार्डापेक्षा सहा अंश अलीकडे होती. कॅम थोडा सरकावा म्हणून तो ज्याला बोल्टनं जोडतात त्या चेनच्या चक्राची भोकं तू बारीक गोल कानशीनं घासून लांबट केली होतीस. प्रत्येक भोक एक मिलीमीटरसुद्धा नाही वाढवलेलं, आणि सगळी सारखी. कॅम माझा, पण थोडा आधी उघडणारा. त्यामुळे वरचं उधाण थोडं कमी आणि खालची ओढ जास्त. उभ्या जागची धडधडही त्यामुळेच दबली असावी, आणि बाकीची तू आणखी कशानं तरी दाबली असशील. ते मला सापडलं नाही.

पण कॅम असा सरकवला तर व्हॉल्व्ह पिस्टनला भिडायचा धोका असतो. तू तो बघितला होतास का? संशय काही सुटत नव्हता. मी मोठ्यानं बोलले बहुतेक, कारण वहिनी एकदम म्हणाल्या, "म्हणून कणीक नेत होते का?"

"कसली कणीक?"

"पोळ्यांची. तीनदा आले स्वयंपाकघरात. चपटी गोळी करून न्यायचे आणि थोड्या वेळानं परत आणून तिची जाडी पट्टीनं मोजायचे. मी ओरडले, अन्नाशी खेळू नका म्हणून."

पिस्टनवर कणीक ठेवून, हेड बसवून, इंजिन फिरवून, पुन्हा हेड काढून ती किती दबली ते तू मोजलं होतंस. तीनदा. कानानं काम करणारा तू. नऊ दिवस त्यातच गेले.

मग रावेरवाला? त्याचा कॅम त्यानंच आणला असणार. त्याच्या इंजिनात तू तो कार्डाप्रमाणे सरळ बसवलास, म्हणून ते धडधडत होतं. त्यानं मागितलं ते तू त्याला जसंच्या तसं दिलंस. मला दिलं नाहीस. तिथे, उघड्या इंजिनासमोर, मला तुझा प्रश्न पुन्हा ऐकू आला, आणि या वेळी सणक गेली नाही.

तुला माझ्या गाडी चालवण्याबद्दल शंका नव्हतीच. तूच शिकवलं होतंस. तुला शंका होती ती मी कशासाठी चालवते याची. आणि आता तू ऐकायला नाहीस म्हणून सांगता येतं: तुझी शंका सगळीच खोटी नव्हती. श्रीकांतनंतर, गाडी घेतली त्या दिवसांत, महामार्गावर मोकळी जागा मिळाली की मी मूठ पिळायची. आवाज इतका वाढायचा की दुसरं काही ऐकू यायचं नाही. मला मरायचं नव्हतं, भाऊ. पण घरी परतायची घाईही नव्हती. हे मी कुणाला बोलले नव्हते, स्वतःलाही नाही. तू मैदानात मला आठचे आकडे काढताना बघून ओळखलंस की काय, की इंजिनासारखंच कान लावून, ते मला विचारता आलं असतं तर बरं झालं असतं.

तुझे आभार मानते. आणि तुझ्यावर चिडलेही आहे. दोन्ही खरं आहे. मी मागितलेलं माझ्या हातात ठेवून आतून तू ते तुझ्या मनासारखं करून घेतलंस. सांगितलं का नाहीस? शपथ घेतलीस तेव्हा एक वाक्य पुढे जोडता आलं असतं. सहा अंश अलीकडे घेतलाय, बेबी. मी भांडले असते, आकडे काढले असते, मग कदाचित हो म्हटलं असतं. तू मला नकार द्यायचीही संधी दिली नाहीस आणि मी तुला चोर म्हटलं. आपल्या दोघांपैकी कुणाचं चुकलं हे ठरवायला बसलं तर आई म्हणायची ते कोर्ट पुन्हा भरवावं लागेल, आणि त्यात एकच पक्ष हजर आहे.

वहिनींनी विचारलं, "आता काय करायचं?"

मी चक्राचे बोल्ट सैल केले आणि कॅम कार्डावरच्या खुणेला आणला. सरळ. मी मागितला होता तसा. वहिनी बघत होत्या, त्यांचा चेहरा पडला. सगळं हळूहळू दोनदा फिरवून बघितलं, आवळलं, कव्हर लावलं. इंजिन चालू केलं तर ते रावेरवाल्याच्या गाडीसारखं धडधडायला लागलं. मी हेल्मेट घातलं आणि लळिंगच्या दिशेनं निघाले.

पाच हजारांवर ते असं उसळलं की माझी मान मागे गेली. आलेखात होतं तसं, तिथून तसंच. किती वेगानं गेले ते वहिनींना सांगितलेलं नाही. घाटात ट्रक आडवा आला तेव्हा वेग पडला, आणि मग तेच: मूठ पिळलेली, गाडी नुसती ओरडतेय. एक गिअर खाली, दोन गिअर खाली. ओलांडल्यावर पुन्हा उधाण. मला आवडलं. खोटं का बोलू, खूप आवडलं. आणि वर पोचल्यावर मी गाडी कडेला लावून दगडावर बसले, तेही खरं.

परत आले, इंजिन गार होऊ दिलं. वहिनींनी चहा केला. दुपारी पुन्हा कव्हर काढलं आणि तुझा पुठ्ठा लावून कॅम तुझ्या खुणेकडे, अलीकडे, घ्यायला लागले. एक अंश. दोन. तीन. चार. तिथे थांबले.

"त्यांची खूण सहावर आहे," वहिनी म्हणाल्या.

"माहीत आहे."

"मग?"

"सहा जास्त होते वहिनी. चार पुरतात. वरचंही थोडं राहायला हवं."

मी हे मुद्दाम मोठ्यानं बोलले. पाना हातात धरून थांबले. तू म्हणाला असतास, चारमध्ये घाटात काय होणार? मी आकडा काढला असता. तू कान पुढे केला असतास. पाचवर कदाचित आपलं जमलंही असतं. वहिनी माझ्याकडे बघत होत्या. त्यांना यातलं काही कळत नव्हतं, त्या कशाला विरोध करतील? त्या म्हणाल्या, "तुम्हाला योग्य वाटतं ते करा."

बोल्ट आवळले. कव्हर मात्र लगेच बसवलं नाही. गॅरेजमध्ये कुणी नव्हतं, रस्त्यावरून ट्रॅक्टर जात होते. मी तशीच उघड्या इंजिनाशी बसून राहिले, कुणीतरी येऊन हे चुकलंय म्हणावं म्हणून.